सारंगचाचा आणि पहिल्या नंबराचं कॉलेज

आमच्या शेजारच्या सारंगचाचांनी खालून वाकून पाहिलेली नाही अशी एकही वस्तू आमच्या गावात शिल्लक नाही. विहिरीवरचा पंप, कुणाची तरी नवी रिक्षा, लग्नाला भाड्याने आणलेल्या खुर्च्या, ग्रामपंचायतीचा नवा जिना, आणि एकदा तर उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची गाडीसुद्धा. चाचा आधी दोन पावलं मागे सरकतात, कमरेवर हात ठेवून वस्तूकडे संशयाने बघतात, मग लुंगी आवरून खाली बसतात आणि मान तिरकी करून तळ तपासतात. पाहुण्यांच्या ड्रायव्हरने घाबरून पोलिसाला हाक मारली होती, पण तोवर चाचा उठून हात झटकत त्यालाच सांगत होते, "मागच्या डाव्या चाकाकडनं तेल गळतंय. सायबाला बोल, घाटात जपून." वरून सगळंच चांगलं दिसतं, यावर त्यांचा गाढ विश्वास. "वरचा रंग काय गुरुजी," ते मला सांगतात, "बंदरात शिरायच्या आदल्या दिशी पन मारतात."

सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. चाचांनी उभी हयात मालवाहू बोटींवर काढली, शेवटची थोडी वर्षं न्हावा शेव्याला मोठ्या बोटी ओढणाऱ्या टगवर घालवली आणि मग मुरूडच्या अलीकडे, आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या आपल्या घरात येऊन राहिले. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. आम्ही तरी ते कधी ऐकलेलं नाही. जमिनीवर येऊन इतकी वर्षं झाली, तरी ते अजून जहाजावरच राहतात असं आमच्या हिचं मत आहे. दारातल्या पाटीवर ते रोज सकाळी खडूने वाऱ्याची दिशा लिहितात. गॅसचा सिलिंडर दोरीने ओट्याला बांधलेला असतो, का, तर लाट आली तर गडगडू नये. आमचं घर समुद्रापासून चांगलं अर्धा मैल आत आहे.

माणूस किंवा जागा पारखायची चाचांची एक ठरलेली पद्धत आहे. नव्या जहाजावर चढण्याआधी कप्तानाला काही विचारू नये, भंडाऱ्याला विचारावं, असं ते म्हणतात. भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी. "कप्तान बोलणार, आपला जहाज एक नंबर. त्याचा काय, त्याला पगार त्याचाच. भंडाऱ्याला ठावं असतं पानी गोडं हाय का खारं, पोरं पोटभर जेवतात का अर्ध्यावर उठतात." ही पद्धत ते जगात सगळीकडे लावतात. माझ्या मेहुणीसाठी माणगावला स्थळ बघायला गेलो तेव्हा चाचा सहज म्हणून जीपमध्ये चढले. आम्ही पुढच्या खोलीत पोहे खात मुलाचा पगार, शिक्षण, पत्रिका असलं काहीबाही विचारत बसलो आणि चाचा गायब. पाऊण तासाने ते मागच्या दारी सापडले, भांडी घासणाऱ्या बाईंशी तंबाखूच्या दरावर बोलत. परत येताना चाचा एवढंच म्हणाले, "होणारी सासू भांडीवालीला घरच्या कपातनं च्या देते. वेगळा कप न्हाय ठेवलेला. देऊन टाका पोरगी." दिली. मेहुणी आज सुखात आहे, आणि तिच्या सासूबाईंचं नाव निघालं की नवऱ्याच्या पगाराची मला आठवणसुद्धा होत नाही.

चाचांची दुसरी श्रद्धा मात्र आम्हाला महाग पडता पडता राहिली. निघालेल्या माणसाला "कुठे चाललात?" असं विचारायचं नाही, आणि मनातली खरी इच्छा उघड बोलायची नाही, हे दर्यावरच्या माणसांचं जुनं शास्त्र. आमच्या किनाऱ्यावर ते थोडंफार सगळेच पाळतात, पण चाचांसारखं कुणी नाही. आम्ही शेजारी राहायला आलो तेव्हा हिने एकदा अंगणातून भाबडेपणाने विचारलं, "चाचा, आज कुठे दौरा?" चाचांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांच्या बोटीला भोक पाडलंय. मग ते घरात परतले, चपला काढल्या, पाणी प्यायले, बिस्मिल्ला म्हणून दहा मिनिटं खाटेवर बसले आणि नव्याने निघाले. तोवर त्यांची एसटी निघून गेली होती. तेव्हापासून ते बाहेर पडताना दिसले, की आम्ही मोठ्यांदा "या चाचा, आलात?" असंच म्हणतो. नव्या माणसाला आमच्या गल्लीत येणारं कोण आणि जाणारं कोण ते कळत नाही.

तर अशा या माणसाच्या हाती आम्ही आमच्या एकुलत्या एक मुलीचं भवितव्य दिलं. आता सगळं नीट पार पडलंय, म्हणून हे हसत लिहिता येतंय. त्या दिवसांत घरात कुणी हसत नव्हतं. सईला कॉम्प्युटर सायन्स करायचं होतं. बारावीला आणि सीईटीला तिने मार्क चांगले मिळवले, पण असे नव्हेत की कुठल्याही कॉलेजने पायघड्या घालाव्यात. जेमतेम मिळेल अशी दोन-तीन बरी कॉलेजं आणि हात धरून आत ओढतील अशी पन्नास बाकीची, असा मामला होता. मी पडलो मराठीचा मास्तर. मला समास सोडवता येतो, प्रवेशाची फेरी नाही. घरात माहितीपत्रकांचा ढीग साचला. प्रत्येकावर हिरवळीत लॅपटॉप घेऊन हसणारी मुलं. माझा एक साडू म्हणे पुणे, दुसरा म्हणे कुठेही घाल पण मुलीला लांब ठेवू नको, आणि शाळेतला प्रत्येक सहकारी आपापल्या भाच्याचं उदाहरण देऊन मला घाबरवून सोडत असे. चार वर्षं म्हणजे पोरीचं सगळं पुढचं आयुष्य. चुकीच्या ठिकाणी पाठवली तर ती मला बोलणार नाही, पण माझं मलाच तोंड दाखवता येणार नाही, हे मला कळत होतं.

चाचांनी आधी सईला समोर बसवून विचारलं, "ह्यात नेमका काय करायचा असतो? कंपूटर दुरुस्त करायचा?" सईने तिच्या परीने समजावलं. यंत्राला स्वतःची अक्कल नसते, त्याला पायरी पायरीने सांगावं लागतं, आणि एक पायरी चुकली तर ते निमूटपणे चुकीचंच काम करत राहतं. चाचा विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे हुकूम द्यायचा! हुकूम साफ तं काम साफ. अगो पोरी, ही तं सारंगची नोकरी!" त्या दिवसापासून सई त्यांच्या धंद्यात आल्यासारखी झाली आणि कॉलेज बघायला आपल्यालाच गेलं पाहिजे, हे त्यांनी ठरवून टाकलं.

पहिलं कॉलेज महामार्गाच्या कडेला होतं. त्याचं नाव घेत नाही. सगळी इमारत काचेची. दारात आम्हाला गुलाबपाणी शिंपडून आत घेतलं, सईला एक पिशवी आणि टोपी दिली, आणि टाय लावलेला एक तरुण आम्हाला गारेगार प्रयोगशाळेत घेऊन गेला. रांगेने चकचकीत कॉम्प्युटर. भिंतीवर नोकऱ्या लागलेल्या मुलांचे फोटो. मी तर मनातल्या मनात सईचाही फोटो तिथे लावून मोकळा झालो. एवढ्यात चाचा लुंगी आवरून टेबलाखाली शिरले. टायवाला म्हणाला, "अंकल, कुछ गिर गया क्या?" चाचा बाहेर आले, त्यांनी खुर्च्यांवर हात फिरवला आणि निघून गेले. अर्ध्या तासाने ते कँटीनच्या मागे कांदे चिरणाऱ्या माणसाबरोबर उकिडवे बसलेले दिसले. तेही कांदा चिरत होते.

"खुर्च्यांचं प्लास्टिक अजून काढलेलं न्हाय," परतीच्या एसटीत त्यांनी अहवाल दिला. "टेबलाखालच्या वायरी गुंडाळूनच ठेवलेल्या, एक पन जोडलेली न्हाय. भंडारी बोलतो, ती खोली पाहुना आला की उघडतात. पोरं दुपारी दोन वाजता घरी. आनि गुरुजी, त्याला दोन महिने पगार न्हाय." मग माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "जहाज बंदरातच झकास दिसतो. दर्यात न्हाय जायचा तो." सईने पिशवीतली टोपी काढून मागच्या सीटवरच्या लहान पोराला देऊन टाकली. मला वाईट वाटलं. टोपी चांगली होती.

दुसरं कॉलेज नवी मुंबईच्या बाजूला, जुनं, रंग उडालेलं. गुलाबपाणी तर सोडाच, आत कुठून जायचं हे सांगायलाही कुणी नव्हतं. कार्यालयातल्या बाईंनी मान वर न करता "वेबसाइटवर आहे सगळं" एवढंच सांगितलं. मी नाराज झालो. चाचा मात्र जिन्यावरच थबकले, कारण जिन्यावर पाच-सहा मुलं-मुली लॅपटॉप घेऊन भांडत होती, अगदी हमरीतुमरीवर येऊन, आणि भांडण कुठल्याशा प्रोग्रॅममधल्या चुकीवरून चाललं होतं. सई दोन पायऱ्या खाली उभी राहून ऐकायला लागली, आणि पाच मिनिटांनी तीही भांडत होती. प्रयोगशाळेत पंखे कुरकुरत होते. तिथल्या शिपाईमामांनी चाचांना आत सोडलं. चाचा एकेका कॉम्प्युटरपुढे वाकले आणि त्यांनी मला खुणेने बोलावलं. कीबोर्डवरची अक्षरं झिजून पुसून गेली होती. "हे बघा," ते हळू आवाजात म्हणाले, देवळात बोलावं तसं. "दोरखंड बघताना आमी हाच बघतो. हात लागलेला हाय का. कोरा दोर काय कामाचा?" कँटीनवाला गल्ल्यावरून मुलांना नावाने हाका मारत होता. तो म्हणाला, "ही कार्टी सात वाजले तरी जात नाहीत हो. दिवे बंद केल्याशिवाय उठत नाहीत." चाचांनी त्याच्या हातचा चहा घेतला, रिकामा कप पालथा करून तळ पाहिला आणि निकाल दिला, "हा जहाज चालतो."

सईचंही मन तिथेच बसलं होतं. कॉलेज तिला जेमतेम मिळण्यासारखं होतं, आणि मिळालं नाही तर काय, हा विचार करायला आम्ही कुणीच तयार नव्हतो.

मग आला तो अर्ज. त्यात कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमाने भरायची असतात. सईने यादी तयार करून ठेवली, जुनं कॉलेज एक नंबरला, त्याखाली बाकीची. "बाबा, मुदत उद्या संध्याकाळपर्यंत आहे. मी अनघाचा फॉर्म भरून देते आणि चहाला घरी येते. मग एकदा बघून कन्फर्म करू," असं सांगून ती मैत्रिणीकडे गेली. दुपारी चाचा आले. मी मोठ्या अभिमानाने त्यांना पडद्यावर यादी दाखवली. त्यांनी चष्मा लावला, पहिली ओळ वाचली, आणि त्यांचा हात छातीवर गेला.

"गुरुजी, मनातला पयल्या ओळीत लिवलात?"

मी म्हटलं, तसंच भरायचं असतं.

"होडीवाला पागायला जाताना सांगतो काय कवा, आज पापलेट आनतो म्हनून? विचारलात तं बोलेल, जातो आपला असाच. आनि तुमी येवढी मोठी गोष्ट उघड्यावर ठेवलीत? सगळ्या मुलखाला दाखवलीत? नजर लागंल पोरीला! मनातला दुसऱ्या नंबरावर सरकवा. वरती कायपन ठेवा, ज्याचा कोनाला लोभ न्हाय असा."

मी शाळेत दर विज्ञान दिनाला अंधश्रद्धेवर भाषण देतो. यंदाही दिलं होतं, टाळ्याही पडल्या होत्या. पण स्वतःच्या मुलीचा प्रश्न असला की माणसाचं विज्ञान पातळ होतं. मी विचार केला, नंबर दुसरा झाला म्हणून काय बिघडणार आहे? यादीत तर राहतंच की. आणि वरती काय ठेवायचं, ज्याचा कुणालाच लोभ नाही? आम्ही दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे पाहिलं. मी काचेचं कॉलेज शोधलं आणि एक नंबरवर नेऊन बसवलं. मग, शुभकार्याला उशीर नको म्हणून, कन्फर्मचं बटणही दाबलं. पडद्यावर हिरव्या अक्षरात काहीतरी आलं. हिरवं म्हणजे झालं, असं मी धरून चाललो. चाचांनी खिशातून खजूर काढला, हिने चहा टाकला आणि आम्ही निवांत बसलो. इतकं हलकं मला त्या महिन्यात प्रथमच वाटत होतं.

चहा अर्धा झाला असेल नसेल, सई धावत अंगणात शिरली. चपला हातात, केस सुटलेले. "बाबा! हात लावू नका! कुणी काही दाबू नका!" तिच्या मोबाइलवर कन्फर्म करण्यासाठीचा ओटीपी गेला होता. तो पाहून ती अनघाच्या घरापासून, म्हणजे गावाच्या त्या टोकापासून, थांबली नव्हती. मी हसत सांगितलं, "अगं, काळजी करू नकोस, नजर लागू नये म्हणून नुसतं वर-खाली केलंय." ती खुर्चीत बसली. मग धापा टाकत तिने सांगितलं. पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं, की तेच घ्यावं लागतं. पुढची फेरी नाही, दुसऱ्या नंबरचा कुणी विचारही करत नाही. आणि काचेचं कॉलेज तर तिला नक्कीच मिळालं असतं. शंभर वेळा मिळालं असतं. ओटीपीचा आकडा टाकला नव्हता म्हणून अर्ज अजून पक्का झाला नव्हता, नाहीतर दोन शहाण्या म्हाताऱ्यांनी खजूर खात खात तिची चार वर्षं त्या प्लास्टिक न काढलेल्या खुर्च्यांवर नेऊन ठेवली असती.

मी सईची माफी मागितली, दोनदा. ती म्हणाली, "बाबा, झालं नाही ना काही? मग पुरे." चाचा मात्र उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. इतका मोठा माणूस शिक्षा झालेल्या मुलासारखा उभा, मला बघवेना. "माझा चुकला पोरी," ते म्हणाले. "दर्याचा कायदा मी जमिनीवर लावला." सईने यादी पुन्हा नीट केली, जुनं कॉलेज वर आणलं, काचेचं कॉलेज पार काढून टाकलं. तिने दोनदा तपासलं, मला तपासायला लावलं. आणि मग चाचांचा हात धरून त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं. "चाचा, आता मी ओटीपीचे आकडे सांगते, तुम्ही दाबा. हुकूम साफ देते." चाचांनी डोळे पुसले. ती एक आकडा बोले, चाचा तो खणखणीत आवाजात परत बोलत आणि मग एका बोटाने दाबत, जहाजावर हुकूम परत बोलून दाखवतात तसा. सहा आकड्यांना आम्हाला पाच मिनिटं लागली.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. यादी लागली तेव्हा सईने पडदा पाहिला आणि आईच्या गळ्यात पडून रडायलाच लागली, त्यामुळे मिळालं की गेलं ते मला दोन मिनिटं कळेना. मिळालं होतं. पहिल्या नंबरचं, जुनं, रंग उडालेलं, पंखे कुरकुरणारं कॉलेज मिळालं होतं. मी देवापुढे साखर ठेवायच्या ऐवजी स्वतःच खाल्ली. अंगातलं सगळं ओझं कुणीतरी काढून बाजूला ठेवावं, तसं झालं. चाचांना सांगायला मी भिंतीवरूनच ओरडलो. ते आले, सईच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पायऱ्यांवर बसून राहिले. हिने दिलेला पेढा हातात तसाच.

चाचांची मुलगी शारजाला असते. आमच्या हिच्याकडून मला तिची गोष्ट माहीत होती. तिलाही शिकायचं होतं, मास्तरीण व्हायचं होतं. तिने बापाला पत्र लिहिलं होतं, मला पाठवता का म्हणून. बोट तेव्हा कुठल्या बंदरात होती कोण जाणे, पत्र चाचांच्या हाती पडायला महिने लागले. त्यांनी तारेने "हो" कळवलं, तोवर घरच्यांनी तिचं लग्न ठरवलं होतं. बायकोचं आजारपण, घराची वाटणी, मुलीचं लग्न, त्यांच्या घरातलं जे काही ठरलं ते चाचा पाण्यावर असतानाच ठरलं. ते त्याबद्दल कधी बोलत नाहीत.

त्या दिवशी पायऱ्यांवर बसूनच त्यांनी तिला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर ती आली, ओढणी सावरत, मागे कुठल्यातरी पोराचा गलका. चाचांनी सईच्या कॉलेजची सगळी हकीकत सांगितली, झिजलेली अक्षरं, जिन्यावरचं भांडण, सगळं. आपली चूकसुद्धा लपवली नाही. ती हसली. मग तिने विचारलं, "अब्बा, लिस्ट लागली तवा तुमी होतात घरी?"

"व्हय गो," चाचा म्हणाले. "ह्या टायमाला होतो."